पावसात गिटारीची नेक वाकली, दुरुस्त करू की नवीनच बनवू?

फोंडेकर_पोरगा

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचतोय इथे, लिहितोय पहिल्यांदाच, कारण आता डोकं चालेनासं झालंय.

मार्चपासून घराच्या मागच्या पडवीत इलेक्ट्रिक गिटार बनवत होतो. टेलिकास्टर टाइप, अगदी साधी, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन पकडणारे), ६४८ मिमी स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी). बॉडी सागवानाची. आजोबांचं जुनं घर पाडलं तेव्हा दाराची चौकट निघाली होती त्यातली, नेकपण त्याच चौकटीतली. फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) शिसवीचा ऑनलाइन मागवला, फ्रेटच्या, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, खाचा मीच मारल्या. चिकटवला साध्या फेविकॉलने, घरातले होते नव्हते तेवढे क्लॅम्प लावून दोन दिवस हात लावला नाही. ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक कमीजास्त करायची सळी) डबल अ‍ॅक्शन वाला.

मेच्या शेवटी कच्च्या लाकडावरच तारा चढवून बघितल्या आणि काय सांगू, वाजली! अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) मस्त खाली, कुठे खरखर नाही. रात्री दोन वाजेपर्यंत वाजवत बसलो, आईने शेवटी लाइट घालवली.

मग सगळी खोलून मिरगाच्या आधी लॅकर मारायचं ठरवलं, ते व्हायला जून उजाडला. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर स्प्रे केलं बॉडीवर आणि नेकच्या पाठीवर. दोन दिवसांत बॉडीवर दुधासारखा पांढरटपणा आला. तो एक वैताग. परत जोडली तर पहिल्या चार फ्रेटवर सगळ्या तारा खर्र्र करतात, बाराव्याच्या पुढे बरी वाजते. मी ट्रस रॉड आवळला, फरक नाही, अजून आवळला, आता जास्तच खरखर. भीतीने हात लावायचा बंद केलाय. वर आता अ‍ॅम्पमधून घुंऽऽ असा आवाज येतो जो मेमध्ये येत नव्हता.

लाकूड साठ-सत्तर वर्षं जुनं आहे, पूर्ण वाळलेलं, ते कसं काय वाकेल? की माझ्या खाचाच चुकल्यात? नेक फेकून नवीन करू का? खरं सांगायचं तर मन होत नाहीये.

सुतारपक्षी

आधी ती अ‍ॅलन की (रॉड फिरवायची किल्ली) खाली ठेव. आता कुठे ठेवलीस ते विसरून जा.

तू "वाकली" म्हणतोस पण कुठल्या बाजूला ते सांगितलंच नाहीस. नेक दोन प्रकारे वाकते. तारांच्या ओढीने पुढे, म्हणजे मधे खड्डा पडतो, किंवा उलटी मागे, म्हणजे मधे उंचवटा येतो मांजराच्या पाठीसारखा. पहिल्या चार फ्रेटवर खरखर आणि पुढे ठीक, हे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकाराचं लक्षण. आणि तसं असेल तर रॉड आवळून तू तिला अजून मागे ढकलतोयस रे बाबा.

तपासायचं असं. सुरात लावलेली असताना पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, उजव्या हाताने शेवटचा फ्रेट दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधे बघ. साधारण ०.२ ते ०.२५ मिमी फट हवी. फीलर गेज नसेल तर कुठल्याही टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, मेकॅनिक लोक टॅपेट लावायला वापरतात तेच. फट अजिबात नसेल तर तारा सैल करून फ्रेटांवर सरळ स्टीलची पट्टी उभी ठेव. पट्टी झोक्यासारखी हलली की समज मांजराची पाठ.

आणि एक, फक्त मोकळी तार खरखरत असेल तर दोष नटचा (नेकच्या वरच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी), खाच खोल गेलीय. फ्रेट दाबूनही खरखरत असेल तर नट निर्दोष. कुठली खरखर आहे ते नीट ऐकून सांग.

जुना_बेसिस्ट

बाळा, गोव्यात जून ते सप्टेंबर कुठलंच वाद्य आपल्या बापाचं नसतं. आम्ही बँडमध्ये होतो तेव्हा चवथीच्या (गणपतीच्या) दिवसांत माझा बेस सकाळी एक आणि दुपारी दुसराच असायचा. तारा तर विचारूच नको, समुद्राजवळच्या लग्नात एक रात्र वाजवलं की पंधरा दिवसांत गंज. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायची सवय लाव, मऊ बनियन उत्तम.

आमच्याकडे एक शिसवी कपाट आहे, पोर्तुगीज काळातलं. वडील त्यात चाळीसचा बल्ब लावून कॅमेरा ठेवायचे, लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून. मी कॅमेरा काढला आणि बेस ठेवला. अजून तसाच आहे. फक्त बल्ब खाली आणि वाद्य लांब, चिकटून नको, नाहीतर एक बाजू भाजेल. आणि हल्लीचे एलइडी चालत नाहीत त्याला, गरमच होत नाहीत ते.

फोंडेकर_पोरगा

काका, सुतारपक्षी दादा, दोघांना धन्यवाद. दादा, लाज वाटतेय पण तुम्ही म्हणता तेच निघालं. कॅपो लावून बघितलं, फट शून्य, तार फ्रेटांवर झोपलीय. पट्टी ठेवली तर झोकाच, दोन्ही टोकांना मिळून मिलिमीटरभर तरी असेल. आणि खरखर दाबलेल्या फ्रेटांवरच आहे, मोकळी तार ठीक वाजते.

म्हणजे मी गेले तीन आठवडे रोग्याला उलटंच औषध देतोय.

पण मला हे समजत नाही, लाकूड एवढं जुनं, त्यात ओल शिरणार कुठून? हिरवं लाकूड असतं तर एकवेळ मानलं असतं.

सुतारपक्षी

इथेच सगळे फसतात म्हणून जरा लांब लिहितो, आज रविवार आहे आणि बाहेर धो धो चाललंय त्यामुळे वेळच वेळ.

जुनं लाकूड म्हणजे मेलेलं लाकूड नव्हे. वाळणं ही एकदाच होऊन संपणारी गोष्ट नाहीये, लाकूड आजूबाजूच्या हवेबरोबर देवाणघेवाण करतच राहतं, कितीही वर्षं झाली तरी. कोरड्या हवेत त्यातलं पाणी आठ-दहा टक्क्यांवर येतं आणि आपल्याकडे जुलैत घरातसुद्धा ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा तेच लाकूड सोळा-सतरा टक्क्यांवर जाऊन बसतं. आमचे वडील मेस्त, डिचोलीत त्यांनी किती दारं बसवली असतील देव जाणे, ते चतुर्मासात दार बसवायला घ्यायचेच नाहीत, आणि घ्यावंच लागलं तर फट किती ठेवायची ते बोटाने बघायचे. तुझ्या त्या चौकटीचं दार पावसात घट्ट व्हायचं की नाही ते घरात मोठं कोण असेल त्याला विचार.

आता तुझ्या नेककडे बघ. पाठीला लॅकर मारलंस, म्हणजे मागून दार बंद. पुढचा शिसवीचा फ्रेटबोर्ड उघडा, तो ठेवतातच उघडा, त्यात चूक नाही. पण मग ओल एकाच बाजूने पितेय. पुढची बाजू फुगली की लांब होते, मागची तेवढीच राहते, म्हणून नेक मागे झुकते. लांबीच्या दिशेला लाकूड अगदी नखभर वाढतं, रुंदीला जास्त वाढतं, पण चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटरच्या पट्टीला तेवढं नखभरसुद्धा पुरतं. उघड्या लाकडावर मे महिन्यात वाजली तेव्हा ठीक होती कारण तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच कोरड्या होत्या.

यात फेविकॉलने भर घातली असणार. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं. सहा मिमीच्या फ्रेटबोर्डच्या पोटाला तू ते पाणी पाजलंस, तो फुगलेल्या अवस्थेत चिकटला. दोन दिवस कमी झाले, मी फ्रेट ठोकायच्या आधी किमान दोन आठवडे तशीच टांगून ठेवतो, मग रंधा आणि रेडियस ब्लॉक (फ्रेटबोर्डला गोलाई द्यायचा ठोकळा). इपॉक्सीने चिकटवलं तर हा पाण्याचा प्रश्नच नाही. आणि सागवान तेलकट असतो, चिकटवायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच जोडला नाही तर कधीतरी हातात येतो. तू पुसलं होतंस का?

आता करायचं काय. तारा थोड्या सैल कर. रॉड उलटा फिरव, पाव फेरा, बस. तारा पुन्हा सुरात लाव आणि बघ. (दहाचा सेट, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची, लावलायस ना? तो सुरात असताना मिळून सत्तेचाळीस किलोच्या आसपास ओढ असते, ती आपल्या मदतीला आहे.) रॉड फिरवताना मधे एकदम मोकळं वाटेल, तिथे घाबरू नकोस, डबल अ‍ॅक्शन आहे म्हणजे त्याच्या पुढे गेलास की तो नेकला पुढे ढकलायला लागेल. पाव फेरा, रात्रभर थांब, परत पाव फेरा. लाकूड लगेच ऐकत नाही.

फेकू तर मुळीच नकोस. आणि समजा उद्या नेक खरंच गेली, तर चार स्क्रू काढ आणि दुसरी लाव. लिओ फेंडरने १९५० मध्ये हेच तर केलं, नेक बोल्टने जोडली, बिघडली की बदला. गंमत म्हणजे त्या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. त्यामुळेच त्याला ते सुचलं असं माझं मत.

कुळागरवाली

मी सत्तरी तालुक्यातली, दोन गिटारी बनवल्यात, दोन्ही फणसाच्या. आमच्या कुळागरातला (बागायतीतला) एक फणस वादळात पडला होता, त्याच्या फळ्या काढून चार वर्षं माळ्यावर ठेवल्या. इंचाला एक वर्ष म्हणतात, मी दुप्पट थांबले. (पडलेलं होतं म्हणून बरं. उभं झाड तोडायला आपल्याकडे वनखात्याची परवानगी लागते, स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी.)

सागवानापेक्षा फणस हलका पडतो, आणि रंग काय सुंदर, कापला तेव्हा हळदीसारखा पिवळा, आता दोन वर्षांत मधासारखा झालाय. दक्षिणेत वीणा आणि मृदंग याचेच करतात. तुझी सागवानाची बॉडी वजन केलीस का? माझ्या अंदाजाने नुसती बॉडीच अडीच-पावणेतीन किलो भरेल. तासभर उभ्याने वाजवून बघ, खांदा सांगेल.

लॅकरबद्दल. ते दुधाळ झालंय ते लॅकर खराब नव्हे, पाणी अडकलंय. स्प्रे केलं की थिनर झपकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, आणि गार पृष्ठभागावर आपली पावसाळी हवा दव सोडते, थंड बाटलीला बाहेरून घाम येतो ना तसं. दिवाळीनंतर कोरडा दिवस बघून नुसत्या थिनरमध्ये थोडं रिटार्डर (थिनर हळू उडावा म्हणून घालतात ते) घालून एक हलका हात मार, बरंचसं निघून जातं. आत्ता काहीही करू नकोस. मी तर पावसात लॅकर हातातच घेत नाही, फ्रेंच पॉलिश करते, तेही फॅनखाली नाही.

आणि एक विनंती, फ्रेटबोर्डला खोबरेल लावू नका रे कोणी! आमच्या शेजारच्या काकांनी माझ्या गिटारीला प्रेमाने लावलं होतं, "माडाचं तेल, थंड असतं". ते कधी वाळतच नाही, दोन महिन्यांनी खवट वास, तारा चिकट, वर हिरवी बुरशी. घासून काढताना रडकुंडीला आले.

टोनवुडचा_बाप

फणस आणि सागवान ही टोनवुड (चांगल्या आवाजासाठी वापरतात ती लाकडं) नाहीत. स्वँप अ‍ॅश किंवा आल्डर नसेल तर टेलीचा टोन येणार नाही, उगाच मुलाला भलतंच सांगू नका. मागवायचं तर नीट लाकूड मागवा.

कुळागरवाली

दादा, पिकअप तारेचं कंपन ओढतो, फणस की आल्डर ते विचारत नाही. पिकअपची उंची पाव फेरा बदलली तरी जेवढा फरक पडतो तेवढा लाकडाने पडताना मला तरी ऐकू आलेला नाही. तुमचे कान जास्त तयार असतील. या मुलाचा प्रश्न टोनचा नाहीये, नेक सरळ करायचा आहे.

सोल्डरवाला

टोनचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या, तिथे आधीच नऊ पानं झालीत.

घुंऽऽ वर मी बोलतो. एक प्रश्न: तारांना हात लावलास की आवाज कमी होतो, वाढतो, की तसाच राहतो? आणि जॅकच्या (केबल खुपसतोस त्या भोकाच्या) धातूला बोट लावलंस की?

फोंडेकर_पोरगा

तारांना हात लावून काहीच फरक नाही. जॅकला बोट लावलं की एकदम गप्प.

(सुतारपक्षी दादा, सागवान थिनरने नव्हता पुसला. 🙈)

सोल्डरवाला

मग सापडला. ब्रिजची अर्थ तुटलीय. टेलीमध्ये एक उघडी वायर ब्रिजच्या पत्र्याखाली दाबलेली असते, तिच्यामुळे तारा जमिनीला जोडल्या जातात. तू मेमध्ये कच्च्या लाकडावर जोडलीस तेव्हा ती पत्र्याला टेकत होती, नंतर लॅकर मारताना वायरचं टोक तिथेच बाहेर आलेलं होतं आणि त्यावरही लॅकरचा थर बसला, बरोबर? ब्रिज काढ, वायरचं टोक पॉलिश पेपरने घासून तांबं चमकव, पंख्यासारखं पसरव, परत दाब. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून तार ते जॅकची बाहेरची बाजू बीप यायला पाहिजे.

त्याने पूर्ण शांत होणार नाही हे आत्ताच सांगतो. सिंगल कॉइल ५० हर्ट्झची घरघर पकडणारच, ट्यूबलाइट आणि फॅनचा रेग्युलेटर असेल तर जास्तच. कॅव्हिटीला (बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीला) आतून तांब्याची चिकटपट्टी लाव, सगळे तुकडे एकमेकांना सोल्डरने जोड, मग सुधारेल.

पण याहून महत्त्वाचं. एकदा तारा जमिनीला जोडल्या की त्या केबलवाटे अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. म्हणजे तुझ्या पडवीतल्या पॉइंटला खरी अर्थिंग नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं, तर करंट थेट तुझ्या बोटांत. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकात मागे वायरच नसते, मी असे डझनभर उघडलेत. पावसात ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून वाजवायचं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलाव, अर्थिंग तपास, बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघ. गिटार नंतर.

जुना_बेसिस्ट

सोल्डरवाल्याशी शंभर टक्के सहमत. एका फेस्तला (चर्चच्या जत्रेला) माइकला ओठ लागले आणि असा झटका बसला की पुढचं गाणं मी दुसऱ्याच सुरात सुरू केलं. लोकांना वाटलं नवीन स्टाइल आहे.

सुतारपक्षी

थिनरने पुसला नाहीस तर फ्रेटबोर्डच्या कडेने नखाने चाचपून बघ. टकटक करून बघ, कुठे पोकळ वाजतं का. वाजत नसेल तर सोड, बहुतेक धरलाय.

खाचांचं विचारलं होतंस ते राहिलंच. सगळ्या खाचा नटपासून मोजल्यास की एका फ्रेटपासून पुढच्या? एकापासून दुसरी मोजली की प्रत्येक वेळची केसभर चूक साठत जाते. ६४८ ला नटपासून पहिला ३६.४, पाचवा १६२.५, सातवा २१५.५, बारावा बरोब्बर ३२४. हे चार तपास, जुळले तर बाकीचे जुळले असणार.

फोंडेकर_पोरगा

अपडेट देतो, अकरा दिवस झाले.

रॉड रोज रात्री पाव फेरा सोडत गेलो. तिसऱ्या रात्री तो मोकळा भाग आला, दादांनी सांगितलं नसतं तर मला वाटलं असतं तुटलाच. त्याच्या पुढे अजून दोनदा. टू-व्हीलरवाल्याकडून फीलर गेज आणलं, आज सकाळी ०.२० ची पट्टी सातव्या फ्रेटवर सरकते आणि ०.२५ ची अडकते. पहिल्या चारवरची खरखर गेली! सातव्यावर एकाच तारेला थोडी राहिलीय. स्टीलच्या छोट्या पट्टीने तीन-तीन फ्रेट तपासले तर सातवा जरासा वर आहे, त्याला मार्कर लावून ठेवलाय पण कानस पाऊस गेल्याशिवाय लावणार नाही. फ्रेटांची मापं जुळली, बारावा ३२४ वरच आहे. फ्रेटबोर्ड कुठे पोकळ वाजत नाही.

ब्रिजखालच्या वायरवर खरंच लॅकर होतं, घासलं, बीप आला. इलेक्ट्रिशियन आला होता. सोल्डरवाले दादा, तिसऱ्या भोकात वायर नव्हती. आता आहे.

बॉडी वजन केली, २ किलो ६८० ग्रॅम. कुळागरवाली ताई, पुढची फणसाची. मामांकडे फळ्या आहेत माळ्यावर.

आणि आजीला विचारलं दाराचं. म्हणाली, दरवर्षी आषाढ लागला की ते दार अडायचं, आजोबा कडेला मेणबत्ती घासायचे, खांद्याने ढकलून उघडावं लागायचं, आणि दसऱ्याच्या आसपास आपोआप सुटायचं. मग मला म्हणते, "त्याच लाकडाचं ना तुझं ते? मग दसऱ्यापर्यंत थांब की."

सुतारपक्षी

आजीला नमस्कार सांग. आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की हीच नेक पुढे झुकेल, तेव्हा रॉड परत आवळावा लागेल. अ‍ॅलन की कुठे ठेवलीस ते आता आठवून ठेव.

टोनवुडचा_बाप

आवाज कसा आहे पण? रेकॉर्डिंग टाक एक.